गाव महापालिकेत गेलं म्हणजे नेमकं काय झालं?

पुण्याहून हडपसर मागे टाकून सासवडच्या रस्त्याला लागलं की फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं लागतात. आषाढीच्या वारीत ज्ञानोबांची पालखी याच रस्त्यानं दिवे घाटाकडे जाते. इथं 2010 साली जन्मलेल्या एखाद्या मुलाचा विचार करा. तो जन्मला तेव्हा गावचा कारभार ग्रामपंचायत पाहत होती. तो दुसरीत असताना, ऑक्टोबर 2017 मध्ये, गाव पुणे महापालिकेत गेलं. नववीत पोचला तेव्हा, सप्टेंबर 2024 मध्ये, तेच गाव महापालिकेतून बाहेर काढून फुरसुंगी-उरुळी देवाची नगरपरिषद केली गेली. घर तेच, गल्ली तीच, शेजारी तेच. पंधरा वर्षांत कारभारी मात्र तीन झाले.

पुण्याभोवतीच्या 34 गावांची गोष्ट थोड्याफार फरकानं अशीच आहे. 2017 मध्ये 11 गावं आणि 30 जून 2021 ला आणखी 23 गावं महापालिकेत घेतली. त्यानं पुणे महापालिकेचं क्षेत्र 518 चौरस किलोमीटरच्या आसपास गेलं आणि ती क्षेत्रफळानं राज्यातली सर्वांत मोठी महापालिका ठरली. जानेवारी 2026 मध्ये महापालिकेची निवडणूक झाली तेव्हा या 23 गावांतल्या लोकांनी पहिल्यांदाच नगरसेवकासाठी मत दिलं. प्रचाराच्या दिवसांत गावागावांत एकच प्रश्न ऐकू येत होता: आम्ही शहरात जाऊन साडेचार वर्षं झाली, पण नेमकं झालं काय?

त्या प्रश्नाचं उत्तर मुळापासून पाहू.

## तीन पायऱ्या, तीन कायदे

आपल्याकडे सर्वांत जवळचं सरकार म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था. 1993 मध्ये लागू झालेल्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीनं गावासाठी पंचायत आणि शहरासाठी पालिका अशा दोन वाटा ठरवून दिल्या. शहराच्या वाटेवर पुन्हा तीन पायऱ्या आहेत. महाराष्ट्रात साधारणपणे 10 ते 25 हजार वस्तीच्या, अजून गावपण न सुटलेल्या भागाला नगरपंचायत, त्याहून मोठ्या गावाला नगरपरिषद आणि तीन लाखांच्या वर महापालिका. शेतीबाहेरच्या रोजगाराचं प्रमाण वगैरे निकष आहेतच, पण लोकसंख्येचा आकडा लक्षात ठेवला तरी पुरे.

ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि महापालिका यांचे कायदे वेगळे (नगरपंचायत नगरपरिषदेच्याच कायद्यात येते), आणि कारभाराची किल्ली कुणाच्या हातात हेही वेगळं. ग्रामपंचायतीत सरपंच आणि ग्रामसेवक. ग्रामसेवकाला हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नगरपरिषदेत नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी. महापालिकेत महापौर असतो, पण अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. सरपंच आणि नगराध्यक्ष सध्या थेट लोकांच्या मतांवर निवडून येतात. महापौराला मात्र नगरसेवक निवडतात.

घटनेनं नगरपंचायत ही पायरी मुद्दाम ठेवली आहे. गावातून शहराकडे सरकणाऱ्या भागासाठीच ती आहे. पुण्याभोवतीच्या बहुतेक गावांनी ही पायरी पाहिलीच नाही. इमारतींचे मजले चढत गेले, वस्ती वाढत गेली, तरी कारभार ग्रामपंचायतीचाच राहिला. आणि मग एका उडीत महापालिका. माझ्या मते पुढच्या बऱ्याचशा दुखण्यांचं मूळ या उडीत आहे.

## अधिसूचना निघते त्या दिवशी

गाव महापालिकेत घ्यायचं तर राज्य सरकार अधिसूचना काढतं, म्हणजे राजपत्रात छापलेला अधिकृत आदेश. आधी प्रारूप अधिसूचना निघते, त्यावर हरकती-सूचना मागवतात, सुनावणी होते. पण गावानं ठराव करून ‘नको’ म्हटलं म्हणून विलीनीकरण थांबेलच असं नाही. शेवटचा शब्द राज्य सरकारचा.

अंतिम अधिसूचना निघाली की ग्रामपंचायत बरखास्त होते. सरपंच आणि सदस्यांची पदं जातात. दप्तर, शिल्लक रक्कम, गावाच्या ताब्यातल्या इमारती, देणी, सगळं महापालिकेकडे जातं. माझ्या ओळखीच्या एका गावात चावडीसमोरच्या कार्यालयावरचा ‘ग्रामपंचायत’ हा शब्द पांढऱ्या रंगानं पुसून वर महापालिकेचं नाव लिहिलं होतं. रंगाचा एकच हात मारलेला. पाऊस पडून भिंत ओली झाली की खालची अक्षरं पुन्हा वर दिसायची. दारात दाखल्यासाठी आलेल्या म्हाताऱ्या बायका तीच अक्षरं बघून आत जायच्या आणि ‘इथं नाही, क्षेत्रीय कार्यालयात जा’ हे ऐकून परत फिरायच्या. ते कार्यालय दोन बस बदलून जायच्या अंतरावर होतं.

रेशनकार्ड एका गावातून दुसरीकडे नेताना जुन्या कार्डावरून नाव कापल्याचा दाखला लगेच मिळतो, पण नव्या कार्डावर नाव चढेपर्यंत दुकानदार धान्य देत नाही. विलीनीकरणात गावाचं तेच होतं. जुने अधिकार एका दिवसात जातात. नव्या सोयी आराखडा, निविदा, निधी, भूसंपादन अशा रांगेतून यायला वर्षं लागतात. मधल्या काळात गाव कुणाच्याच कार्डावर नसतं.

## मधल्या काळात गावाचं कोण?

2017 मध्ये 11 गावं आली तेव्हा महापालिकेची निवडणूक नुकतीच होऊन गेली होती. या गावांतून निवडून गेलेला एकही नगरसेवक सभागृहात नव्हता. 2019 च्या पोटनिवडणुकीत 11 गावांना मिळून दोन नगरसेवक मिळाले. ग्रामपंचायतीत 7 ते 17 सदस्य असतात. म्हणजे जिथे सगळ्या गावांचे मिळून शंभराहून अधिक सदस्य असू शकत होते, तिथे दोन माणसं. लोहगाव शहराच्या उत्तरेला, धायरी दक्षिण-पश्चिमेला, फुरसुंगी पूर्वेला. दोघांनी धावायचं तरी किती?

2021 च्या 23 गावांना तर तेवढंही मिळालं नाही. त्यांचा समावेश झाला आणि पुढच्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर निवडणुका लांबत गेल्या आणि जवळपास चार वर्षं प्रशासकाचं राज्य राहिलं. वाघोली, मांजरी, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे यांसारख्या झपाट्यानं वाढणाऱ्या गावांनी हा सगळा काळ सरपंचाशिवाय आणि नगरसेवकाशिवाय काढला. रस्त्यावर खड्डा पडला तर कुणाचं दार वाजवायचं, हे घरटी एकाला तरी ठाऊक असावं लागतं. ते ठाऊक नसणं ही गैरसोयीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

त्यात आणखी एक गुंता. 23 गावं महापालिकेत आली तरी तिथल्या बांधकाम परवानगीचं आणि नियोजनाचं काम सरकारनं 2021 मध्ये पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे ठेवलं. इमारतीला परवानगी एकानं द्यायची आणि त्या इमारतीला पाणी, ड्रेनेज, रस्ता दुसऱ्यानं पुरवायचा. पंगतीला पानं मांडणारा एक आणि स्वयंपाक करणारा दुसरा, आणि किती पानं मांडली हे स्वयंपाकघरात कुणी सांगितलेलंच नाही, असं झालं तर काय होईल?

## कर एवढा का वाढतो?

तक्रारींमध्ये ही पहिली. घर तेच, मग घरपट्टी वाढली कशी?

कारण मोजण्याची पद्धतच बदलते. ग्रामपंचायत घराच्या भांडवली मूल्यावर, म्हणजे जागा आणि बांधकामाच्या किमतीवर, अगदी कमी दरानं कर लावते. पुणे महापालिका वार्षिक भाडेमूल्य धरते: हे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येतील, त्याचा हिशेब. त्यावर सर्वसाधारण कर, मलनिस्सारण, अग्निशमन, शिक्षण असे कर एकत्र येतात. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीला जोडून दिवाबत्ती आणि आरोग्य एवढंच असायचं. वाढ एकदम अंगावर येऊ नये म्हणून नव्या गावांना टप्प्याटप्प्यानं पूर्ण करावर नेण्याची सोय आहे. तरी चार-पाच वर्षांत बिल कुठल्या कुठे पोचतं.

आणि मग तिप्पट कराचा धक्का. शहराच्या कायद्यात विनापरवाना बांधकामाला दंड म्हणून कराच्या दुपटीपर्यंत रक्कम वेगळी लागू शकते, म्हणजे एकूण तिपटीपर्यंत. गावाकडे एक-दोन गुंठे घेऊन (गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट) हातात पैसा येईल तसं घर वाढवलेल्या माणसाकडे मंजूर नकाशा कुठून असणार? त्यानं ग्रामपंचायतीकडे नोंद केली, नमुना आठचा उतारा घेतला आणि आपलं घर कायदेशीर झालं असं समजून चालला. इथं नीट समजून घ्या: नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे, बांधकाम परवानगी नव्हे. हा फरक लोकांना वेळेवर कुणी सांगितला नाही आणि त्याची किंमत आज कष्टकरी कुटुंबं मोजतायत.

एक उपयोगाची गोष्ट सांगून ठेवतो. पुण्यात मालक स्वतः त्या घरात राहत असेल तर मिळकतकराच्या आकारणीत 40 टक्के सवलत असते. त्यासाठी पीटी-3 नावाचा अर्ज आणि स्वतः राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. नव्या गावांतल्या पुष्कळ लोकांना ही सवलत माहीतच नाही. आपलं बिल काढून बघा.

## ‘कर देतो, मग पाणी कुठंय?’

या वादाचा गाभा पाण्यात आहे, म्हणून इथं जरा थांबू.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात जीबीएसचे, म्हणजे गुलेन-बारी सिंड्रोमचे, रुग्ण अचानक वाढले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. हातापायांतलं बळ जातं, काहींना श्वास घेणंही जमत नाही. काही आठवड्यांत परिसरात 200 हून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, काही जण दगावले. रुग्णांचा मोठा पुंजका सिंहगड रस्त्याच्या बाजूला होता: नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी, खडकवासला. ही सगळी महापालिकेत घेतलेली गावं. पोटाच्या संसर्गानंतर हा आजार उद्भवू शकतो, म्हणून नजर पाण्याकडे वळली. तेव्हा बाहेर आलं की यातल्या बऱ्याच भागाला नांदेड गावातल्या विहिरीतून पाणी जातं. त्या पाण्यात क्लोरिन टाकलं जात होतं, पण शहराच्या इतर भागांसारखं ते जलशुद्धीकरण केंद्रातून येत नव्हतं.

खडकवासला धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांची ही स्थिती. त्याच धरणाचं पाणी त्यांच्या दारावरून पुढे शहरात जातं आणि शुद्ध होऊन नळाला येतं.

असं का झालं? जलशुद्धीकरण केंद्र, मोठ्या टाक्या, जलवाहिन्या ही वर्षानुवर्षांची कामं. ग्रामपंचायतीच्या काळातली विहीर, पंप आणि पाइप महापालिकेनं जसेच्या तसे ताब्यात घेतले आणि त्यावरच काम चालू राहिलं. नाव बदललं, विहीर तीच राहिली. मधल्या काळात हजारो नवे फ्लॅट त्याच पाण्यावर आले. गाव लहान होतं तेव्हा ती विहीर पुरत होती.

## ‘मग ग्रामपंचायतच बरी होती की!’

असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सरपंच रस्त्यात भेटतो. कचऱ्याची गाडी आली नाही तर संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन विचारता येतं. केंद्राच्या ग्रामीण घरकुल आणि ग्रामीण रोजगार हमीसारख्या योजना ग्रामीण भागासाठीच आहेत, त्याही हातून जातात.

पण ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टीही तेवढ्याच खऱ्या आहेत. तीस-चाळीस हजार लोकांचं मैलापाणी शुद्ध करणारा प्रकल्प ग्रामपंचायत उभारू शकत नाही. अग्निशमन केंद्र चालवू शकत नाही. बारा मजली इमारतींच्या गावाला सतरा सदस्य आणि एक ग्रामसेवक पुरे पडत नाहीत. शिवाय सगळ्याच ग्रामपंचायती लोकांच्या होत्या असंही नाही. विलीनीकरणाची कुणकुण लागली की घाईघाईनं ठराव, नोकरभरती आणि नोंदी उरकणारे कारभारीही या गावांनी पाहिलेत. जुन्या दिवसांची आठवण गोड असते, पण तिच्यावरून निर्णय घेता येत नाही.

## मोठ्या घरात जाऊन पैसा का मिळत नाही?

महापालिकेचं अंदाजपत्रक हजारो कोटींचं. मग गावांच्या वाट्याला का येत नाही?

वाटा मागायला सभागृहात माणूस लागतो. पुण्यात आता 41 प्रभाग आणि 165 नगरसेवक आहेत. 2011 च्या जनगणनेचा आकडा धरला तरी एका प्रभागात सरासरी 80 हजारांहून अधिक माणसं येतात. गावांचे प्रभाग पसरट. एका प्रभागात जुनी उपनगरंही असतात आणि नवी गावंही. उपनगराची मतं जास्त, त्यांचं गाऱ्हाणं जुनं, त्यांचा आवाज मोठा. एकत्र कुटुंबात उशिरा आलेल्यानं आपलं ताट शेवटी वाढलं जातंय हे कितीदा म्हणून सांगायचं?

उरुळी देवाचीचं दुखणं तर याहून जुनं. महापालिकेचा कचरा डेपो तिथं गाव महापालिकेत येण्याआधीपासून आहे. शहराचा कचरा दशकानुदशकं या गावच्या उशाला येऊन पडला. विहिरींचं पाणी बिघडलं, वास आणि माश्या पाचवीला पुजलेल्या. लोकांनी अनेकदा गाड्या अडवल्या. एप्रिल 2017 मध्ये डेपोला आग लागल्यावर सुमारे तीन आठवडे शहराचा कचरा त्यांनी येऊ दिला नाही. म्हणजे शहराचा सर्वांत मोठा भार ज्या गावानं उचलला, त्याला शहराच्या सभागृहात तोपर्यंत एक मतही नव्हतं. आता नगरपरिषद वेगळी झाली, डेपो मात्र महापालिकेचाच आहे. तो प्रश्न नव्या नगरपरिषदेला शेजाऱ्याशी बोलूनच सोडवावा लागेल.

## एकदा आत गेलेलं गाव बाहेर येतं का?

येतं, फुरसुंगी त्याचं ताजं उदाहरण. पुण्यानंच 1997 मध्ये 38 गावं घेतली होती आणि त्यातली काही पुढे वगळली. कल्याण-डोंबिवलीच्या 27 गावांचं नशीब याहून अवघड: 1983 मध्ये महापालिकेत, 2002 मध्ये बाहेर, 2015 मध्ये पुन्हा आत. 2020 मध्ये त्यातल्या 18 गावांची वेगळी नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द ठरवला. चाळीस वर्षांत गावांच्या एका पिढीनं एवढी ये-जा पाहिली.

दर वेळी दप्तर इकडून तिकडे जातं, कराचा हिशेब नव्यानं होतो, अर्धवट कामं कुणी पुरी करायची यावर पत्रव्यवहार सुरू होतो. म्हणून मला वाटतं, ‘आत की बाहेर’ यापेक्षा आकाराचा विचार आधी व्हावा. फुरसुंगी-उरुळी देवाचीसारख्या भागाला नगरपरिषद हा पर्याय रास्त वाटतो. डिसेंबर 2025 मध्ये तिथं नगराध्यक्ष आणि नगरसेवकांची पहिली निवडणूक झाली. आपला माणूस पुन्हा चालत जाण्याच्या अंतरावर आला. पैसा कमी पडेल, मोठ्या योजनांसाठी राज्याकडे हात पसरावे लागतील, हे दिसतंच आहे.

## सातबारा जातो का? जुने दाखले कुठे?

सातबारा जात नाही. तो महसूल खात्याचा कागद. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि तहसील तेच राहतात. पुढे नगर भूमापन झालं की मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) येते, पण ते स्वतंत्र काम आहे.

जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, आकारणीचे उतारे आणि पाणीपट्टीच्या नोंदी मात्र ग्रामपंचायतीकडून नव्या संस्थेकडे जातात. हस्तांतरात वह्या गहाळ होण्याचा धोका असतो. गाव हद्दीत जाणार अशी प्रारूप अधिसूचना निघाली की लगेच नमुना आठचा उतारा, घरपट्टी भरल्याच्या पावत्या, घरातल्या सगळ्यांचे जन्मदाखले यांच्या शिक्क्यानिशी प्रती घेऊन ठेवा. घर किती साली बांधलं हे सिद्ध करायला पुढे हेच कागद लागतात.

## ग्रामसभा गेली, तिच्या जागी काय?

गावातला प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा सदस्य. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवसांच्या सभा सगळ्यांना पाठ. झेंडावंदन झालं की सतरंजी अंथरायची, खर्चाचा हिशेब वाचायचा, कुणीतरी उठून ‘त्या गटाराचं काय झालं?’ म्हणून विचारायचं. त्याआधी बायकांची वेगळी महिला ग्रामसभा. भांडणं व्हायची, कधी गणसंख्या भरायची नाही, तरी विचारायची जागा ठरलेली होती.

शहरात तशी जागा नाही असं सरसकट मानलं जातं. पण महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात 2009 मध्ये क्षेत्रसभेची तरतूद आली आहे. लगतच्या काही मतदान केंद्रांचे मतदार मिळून एक क्षेत्र, आणि त्या क्षेत्राची सभा नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली. आपल्या भागातली कामं सुचवणं, त्रुटी दाखवणं ही तिची कामं. कागदावर सगळं आहे. अशा सभा भरल्याचं मात्र क्वचितच ऐकायला मिळतं.

ज्या गावांनी यंदा पहिल्यांदा नगरसेवक निवडले, तिथल्या लोकांना सभेची सवय अजून मोडलेली नाही. सतरंज्या समाजमंदिरात अजून असतील. पुढच्या झेंडावंदनाला आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना लेखी अर्ज द्या आणि क्षेत्रसभेची तारीख मागा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.